बाबांनी मान हलवली होती

बाबांच्या मृत्युपत्रात अख्खं घर दादाच्या नावावर निघालं. आईच्या आणि माझ्या वाट्याला त्यातली एक खिडकीसुद्धा नव्हती. खालच्या कोर्टात आम्ही तोंडावर आपटलो. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून वकिलाने मृत्युपत्र वाचून दाखवलं, प्रत्येक कलमाला बाबांनी मान हलवली आणि मग सही केली, असं साक्षीदारांनी सांगितलं. विषय संपला. आता अपील करायचं तर आधी त्याची परवानगी मागायची, आणि त्यासाठी नवा मुद्दा हवा. आमच्या वकिलांकडे नवा म्हणावा असा फक्त कोट होता.

न्यायाधीशबाईंनी अर्ज चाळून बाजूला सारला. "हे सगळं आधीच बोलून झालंय. नवीन काय आहे?"

वकील घसा खाकरत राहिले. पलीकडच्या बाकावर दादा खुशाल घड्याळ बघत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात शेजारून आई उठली.

"ह्यांना ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली. "शेवटची कितीतरी वर्षं. अजिबात."

मी तिच्याकडे बघतच राहिले. दादाचाही आ वासलेला. बाबा पियानो सुरात लावायचे. निम्म्या गावाचे पियानो त्यांच्या हाताखालून गेले होते.

"मग काम कसं करायचे?" बाईंनी विचारलं.

"मी शेजारी बसायचे, पाठीवर हात ठेवून. सूर उतरला असला की एक थाप, चढला असला की दोन. लोकांना वाटायचं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. बाहेर कळलं असतं तर कोणी दारात उभं केलं नसतं. मुलांनाही सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. समोरचा काय बोलतोय ते कळलं नाही की मान हलवायचे. सगळ्यालाच."

म्हणजे मृत्युपत्रालाही.

बाईंनी हे सगळं प्रतिज्ञापत्रावर द्यायला सांगितलं आणि अपिलाची परवानगी दिली. वकील स्वतःच जिंकल्यासारखे हसले. एका छपराखाली राहून मला कळू नये? पण आमच्या घरात बोलण्याचं खातं आईकडेच. बाबांशी मी थेट असं एकदाच बोलले होते, संसार मोडून परत आले तेव्हा. आई बाजारात गेली होती. त्यांच्यासमोर बसून जमिनीकडे बघत विचारलं, "बाबा, मी इथेच राहू? कायमची?" त्यांनी मान हलवली. तेवढ्या होकारावर मी त्या घरात आजवर हक्काने राहिले, दादाशी भांडले, इथवर आले.

जिन्यात मी आईचा दंड धरला.

"मी परत आले ना, त्या दिवशी बाबांना विचारलं होतं, राहू का म्हणून. ऐकू आलं असेल का गं त्यांना?"

त्या मान हलवण्याला काडीचा अर्थ नव्हता असं आत्ताच भर कोर्टात सांगून आलेली माझी आई कठडा धरून हळूहळू उतरत राहिली.

"मान हलवली होती ना?" ती म्हणाली. "मग झालं तर."