दाबा आणि फिरवा

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. चार बोटं उंच, पांढऱ्या प्लास्टिकची, हिरव्या झाकणाची. झाकणावर तीन शब्द आहेत, ‘दाबा आणि फिरवा’. या तीन शब्दांतच माझा जन्म अडकून पडला आहे.

माझ्या जातीच्या डब्यांची परीक्षा लहान मुलांच्या हाती देऊन घेतात. मुलांनी आम्हांला चावून पाहिलं, आपटून पाहिलं, पण एकही डबी उघडली नाही. आमचं झाकण नुसतं फिरवलं तर जागच्या जागी कटकट करत राहतं. तळव्याने खाली दाबायचं आणि दाबून धरूनच फिरवायचं, तेव्हा कुठे सुटतं. कारखान्यात आमचं केवढं कौतुक झालं! मला वाटलं, आपल्यासारखी राखणदार दुसरी नाही.

मग मी अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या एका छोट्या गावात आले. तिथे बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या जागी औषधी गांजाचं दुकान निघालं होतं. एका मंगळवारी तिथे मागच्या दाराने ओलीटाबाई आल्या. वय अडुसष्ट, डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. हाताची बोटं संधिवाताने आखडलेली. गावच्या चर्चमध्ये त्या छत्तीस वर्षं पियानो वाजवत होत्या, आणि आता बोटं पट्ट्यांवर पडेनाशी झाली होती. एप्रिलमध्ये ईस्टरचा मोठा सण. तोवर बोटं सुधारली नाहीत तर पियानो सोडावा लागणार होता. डॉक्टरांनी कागद दिला होता, गांजा विकत घ्यायचं सरकारी कार्डही आलं होतं. फक्त नवऱ्याला, डॉयलना, यातलं काही ठाऊक नव्हतं.

दुकानातल्या ट्रेसीने त्यांच्यापुढे वास घ्यायच्या बरण्या मांडल्या. “हा ‘चिडका बोकड’, आणि हे ‘निळं घोंगडं’.”

“ही नावं ठेवतं तरी कोण?” ओलीटाबाई म्हणाल्या. “उद्या कुणी विचारलं तर काय सांगू, मी चिडका बोकड घेते म्हणून?”

“नावावर जाऊ नका. झोप हवीय की दिवसा बोटं चालायला हवीत?”

“बोटं.”

“ओढणार की खाणार?”

“ओढू? अगं, डॉयलला रस्त्यापलीकडचा धूर कळतो. खायचंच दे काहीतरी. आणि सगळ्यात जोरदार दे, मी काही परत परत यायची नाही इथे.”

ट्रेसी हसली. “सगळे नवखे हेच मागतात. मी तुम्हांला सगळ्यात हलकं देणार. या लिंबाच्या गोळ्या. पहिल्यांदा अर्धीच घ्यायची आणि दोन तास गप्प बसायचं. काहीच होत नाही म्हणून दुसरी तोंडात टाकायची नाही. ही उशिरा चढते, आणि चढली की उतरायची घाई करत नाही.”

तिने गोळ्या माझ्यात भरल्या आणि माझं झाकण खट् करून बसवलं.

त्या दुपारी, डॉयल बाहेर असताना, ओलीटाबाईंनी मला स्वयंपाकघरात हातात घेतलं. दाबायला गेल्या तर फिरवता येईना, फिरवायला गेल्या तर दाब सुटे. रबरी हातमोजा घालून पाहिला. दाराच्या फटीत धरून पाहिलं. शेवटी दात लावले. मी आपली कटकट करत राहिले. बोटांचं औषध माझ्या पोटात होतं आणि ते काढायला चांगली बोटं लागत होती. त्या टेबलावर डोकं ठेवून रडल्या. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या झाकणाची पहिल्यांदा लाज वाटली. पण आतून मी काय करणार? डबीला स्वतःला उघडता येत नाही.

नवऱ्याला हाक मारायची सोय नव्हती. डॉयल त्या चर्चचे एक मोठे कारभारी. पंपाच्या जागी हे दुकान आलं तेव्हा चर्चच्या सभेत टेबलावर मूठ आपटून त्याविरुद्ध बोललेले. शेजारची नॅडीन होती, पण तिला सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत गावभर होई. शेवटी ओलीटाबाई पुन्हा मागच्या दाराने दुकानात गेल्या. ट्रेसीने मला उघडून दिलं आणि बजावलं, “घरी गेल्यावर घट्ट लावा हं.” त्यांनी लावलं नाही. झाकण नुसतं वर टेकवून मला पर्समध्ये दडवलं.

अर्धी गोळी त्यांना मानवली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ब्लाउजची बटणं स्वतः लावली. पियानोवर बोटं हळूहळू वळू लागली. मी मात्र पर्सच्या अंधारात, रुमाल आणि चष्म्याच्या मध्ये चेपलेली असायची.

मग तो रविवार आला. प्रवचन चालू असताना ओलीटाबाई पियानोच्या बाकावरच बसत आणि पर्स डॉयलजवळ ठेवत. त्या पर्समध्ये साध्या लिंबाच्या गोळ्यांचा पुडाही असे. प्रवचन लांबलं की डॉयल न बघता पर्समध्ये हात घालत. एकेचाळीस वर्षांची सवय. त्या दिवशी पर्स कलंडली, माझं झाकण घसरलं, आणि माझ्या गोळ्या त्या गोळ्यांत मिसळल्या. डॉयलचा हात आला. एक गेली. थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण मला तोंड आहे, आवाज नाही.

जेवताना डॉयल मक्याच्या पावाकडे पाहून हसू लागले. हसता हसता एकदम पांढरेफटक पडले. “ओलीटा, माझं काळीज फुटतंय बघ. मी मरतोय. पाद्रीबाबांना बोलाव.”

ओलीटाबाईंनी पर्स उपडी केली. मी रिकामीच टेबलावर पडले. त्या गप्प राहू शकल्या असत्या. पित्त उसळलं, मांस बाधलं, काहीही सांगता आलं असतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि नवऱ्याचा हात धरला.

“तू मरत नाहीयेस, डॉयल. तू माझं औषध खाल्लंस. पंपावरचं.”

माझ्या पोटावर मदतीचा नंबर छापलेला आहे. त्यावर त्यांनी फोन केला. पलीकडच्या बाईने सांगितलं, पाणी द्या, शांत बसवा, एकटं सोडू नका, छातीत दुखलं तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. तसं काही झालं नाही. डॉयल कोचावर पडून दर पाच मिनिटांनी “मी अजून आहे ना?” असं विचारत राहिले, आणि त्या “आहेस रे बाबा, आहेस” म्हणत राहिल्या.

सूर्य कलताना ते उठून बसले. मला हातात घेतलं, झाकण लावलं, दाबून फिरवून उघडलं.

“कधीपासून?”

“जानेवारीपासून.”

“लग्न झाल्यापासून तुझ्या लोणच्याच्या बरण्या कोण उघडतंय?”

“तू.”

“मग ही एकच का नाही आणलीस माझ्याकडे?”

“उघडून दिली असतीस रे,” ओलीटाबाई म्हणाल्या, “पण नंतर जे सभेत बोलला असतास, ते मला ऐकवलं नसतं.”

डॉयलनी माझं झाकण खट् करून लावलं. “तीन खाल्ल्या मी,” ते म्हणाले, “आणि तू अर्धीवर भागवतेस?”

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहाला ते मला वरच्या फडताळातून काढत, उघडत, अर्धी गोळी देत आणि खट् करून बंद करत. नव्या डब्या आल्या तरी गोळ्या माझ्यातच ओतत. त्या वर्षी ईस्टरला ओलीटाबाईच वाजवायला बसल्या, आणि पुढच्या दोन्ही वर्षी. माझं झाकण फिकं पडलं, पण माझे ते दिवस फार सुखाचे गेले.

यंदा, ईस्टरच्या आठवड्यातच, डॉयलना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी टल्सा शहरातल्या इस्पितळात नेलं. जाताना ते मला बंद करून गेले, सवयीने. ओलीटाबाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि पहिला दिवस नुसतं बघत काढला. दुसऱ्या दिवशी कप हातातून सुटला. तिसऱ्या दिवशी शनिवार होता, ईस्टर उद्यावर आलेला. त्यांनी तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. मी पुन्हा तशीच, भरलेली आणि बंद. चौथ्यांदा त्यांनी नंबर लावला.

“नॅडीन, जरा येतेस का? एक डबी उघडायचीय.”

नॅडीन आली, लेबल वाचलं, भुवया कपाळात गेल्या. तिने झाकण धरलं, जोर लावला. कटकट. पुन्हा कटकट. मग तिने आपले हात पुढे केले. तिची बोटंही तशीच वाकडी होती.

“मेलं मलाही नाही जमत गं.”

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या आणि मग फिसकन हसल्या.

“तू वरून दाब,” ओलीटाबाई म्हणाल्या. “दोन्ही तळवे लाव. मी फिरवते.”

खट्!

नॅडीनने आत डोकावलं. “हे गुडघ्यांना चालतं का गं? आणि खरं सांग, डॉयलला ठाऊक आहे?”

“तीन खाऊन बसलाय तो, चर्चमध्ये.”

“अगंबाई! बैस, आधी मला सगळं सांग.”

मित्रांनो, औषधाची डबी कधी उघडी टाकू नका, तिच्याशी खेळू नका. माझं झाकण तुमच्यासाठीच घट्ट केलेलं आहे. फक्त घरात कुणी डबी घेऊन नुसतंच बसलेलं दिसलं, तर त्याने मागण्याआधी जवळ जा. मागायला फार जड जातं, हे मी पाहिलं आहे.

डॉयल अजून टल्सालाच आहेत. मला पुन्हा फडताळात ठेवलं आहे. आत अंधार आहे आणि झाकण घट्ट आहे. पण सहा वाजत आले, की नॅडीनच्या चपला पायरीवर वाजतात.