आखाजीचा ओटा

वच्छलाबाईचे गुडघे असे कडाडायचे, की ती चुलीपुढून उठली की शेजारच्या कुत्र्याला वाटायचं दार उघडलं, आणि ते भुंकत यायचं. थाप वाटत असेल तर कुत्रं अजून जिवंत आहे, जाऊन विचारा. बसून सैपाक करायचा आणि उठताना चौकट धरायची. चौकट लांब असली तर नवऱ्याला, कडूबाला, हाक मारायची. म्हणून कडूबानं यंदा गावच्या मारुतीसमोर बोलून टाकलं होतं : आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक पूनम माहेरी येईल, तेव्हा पुरणपोळ्या तिची माय उभ्यानं करील. ग्रॅनाइटच्या ओट्यावर.

गवंड्यानं विटांच्या भिंती उभ्या करून ठेवल्या. वर दगड तेवढा यायचा होता.

"दुकानात जाऊ नको बे," शेजारचे उकंडराव म्हणाले. "तिथं बिस्किटाएवढा तुकडा दाखवतेत, अन् घरी येते तो त्याचा सावत्र भाऊ. सिध्धा कटिंगवाल्याकडे जाय. अख्खा दगड ओला करून पाय, मंगच हो म्हन."

धाडहून बुलढाण्याकडे निघालं की रस्त्याला लागून हिंमतरावचा दगड कापायचा कारखाना. लोखंडी घोड्यांना, म्हणजे तिरक्या चौकटींना, टेकून दगड उभे, जसे लग्नात मानपानासाठी रुसलेले पाहुणे. कडूबानं एकेकाला पाणी मारून पाहिलं. एक दगड पाणी पडताच असा काळाभोर झाला, जशी डोहातून निघालेली म्हैस, आणि आत चांदण्यासारख्या चमक्या.

"हाच!" कडूबा म्हणाला.

"मंग खूण करून ठेवा," हिंमतरावनं खडू पुढं केला. "गवंड्याचं माप आलं की कापतो."

"खडू? तुमच्या मशीनचं पाणी उडलं की खडू गेला, अन् माह्या ओट्यावर दुसऱ्याचीच बायको भाकरी थापंन!"

कडूबा दर शनिवारी गावच्या मारुतीला शेंदूर लावायचा. त्या दिवशी धाडच्या बाजारातून घेतलेला शेंदूर तेलात कालवून डबीत खिशातच होता. त्यानं दगडाच्या वरच्या अंगाला ठसठशीत अंगठा उठवला. रस्त्यावरूनही दिसावा म्हणून शेजारी दुसरा. बोटांना उरलेला शेंदूर पुसायला फडकं नव्हतं, म्हणून तो खाली मधोमध आडवा ओढला. आणि समाधानानं घरी गेला.

दोन डोळे, एक तोंड. उभ्या काळ्या दगडावर. भर रस्त्याला!

आपल्याकडे शेंदूर लागलेल्या दगडाला नाव-गाव कोणी विचारत नाही, आधी हात जोडतात. पहिल्यांदा एका जीपवाल्यानं ब्रेक मारला. मग कोणी नारळ फोडला. मग एस. टी. हळू होऊ लागली आणि खिडक्यांतून फुलं पडू लागली. जानेफळहून एक जण हरवलेल्या मोबाईलसाठी नवस बोलायला आला. नवस बोलता बोलता तो त्याच्याच खिशात वाजला. त्यानंतर तर तिथं पाय ठेवायला जागा उरली नाही.

कडूबा माप घेऊन आला तेव्हा दगड कापायच्या मशीनवर घंटा टांगलेली. गर्दी पाहून त्यानंही चपला काढल्या, डोकं टेकवलं आणि हिंमतरावला हळूच विचारलं, "जागृत दिसून राह्यला. कोणता देव हो हा?"

"हा तुमचा ओटा हाय," हिंमतराव म्हणाला.

कडूबानं आपला अंगठा एका शेंदरी डोळ्यावर ठेवून पाहिला, तो बरोबर बसला.

"कारागीर ब्लेड लावाले तयार नाईत. अन् असा काळा माल आता आखाजीनंतरच येईन."

"अवो, पण तो माहा अंगठा हाय!"

"देवाले काय बाप्पा, कोनाच्याबी अंगठ्यानं येते," नारळ घेऊन बसलेल्या विमलबाई म्हणाल्या. त्यांनी तिथं मुक्कामच ठोकला होता.

कडूबा घरी आला तो पडेल चेहऱ्यानं. सगळं ऐकून वच्छलाबाई इतकी हसली, की पदरानं डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, "मले घेऊन चाला तिथं."

दुसऱ्या दिवशी ती जीपमधून उतरली, कडूबाच्या खांद्यावर हात ठेवून दगडापुढं उभी राहिली आणि सोयऱ्याशी बोलावं तशी बोलली :

"देवा, तू इथं उन्हात उभा. तुले टेकाव वाटत असंन, अन् मले उभं राहाव वाटते. माह्या घरी चाल. तुले निवांत आडवा करीन, पोटाशी चुलीची ऊब राहीन, पह्यला घास रोज तुले. येतं का सांग."

असं म्हणून तिनं एक ओलं फूल दगडाला चिकटवलं. आता पॉलिश केलेल्या दगडावर ओलं फूल किती टिकणार? ते सरकलं आणि उजवीकडून खाली आलं.

"कौल देला! उजवा कौल देला!" गर्दी ओरडली.

ती लोखंडी घोडी उजवीकडे थोडी कललेली होती, हे कडूबाला दिसत होतं. त्यानं त्या घोडीला मनोमन हात जोडले आणि तोंड गच्च मिटून घेतलं.

"मंग आमी नारळ कोनापुढं फोडाव?" विमलबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"बेसिनसाठी मधातून तुकडा कापून निघते, तो तुमचा," वच्छलाबाई म्हणाली.

झालं! कारागीर अनवाणी मशीनवर चढले. डोळे ओट्यात राहिले आणि तोंड निघालं बेसिनच्या तुकड्यात. तो तुकडा आजही कारखान्याच्या दाराशी उभा आहे आणि नारळ खातो. हिंमतरावला गिऱ्हाईक आवरेना. त्या आनंदात त्यानं ओट्याच्या कडा स्वतः घासून गोल केल्या. "वहिनीच्या गुडघ्याले टोक लागू नये," म्हणाला.

कितीही घासलं तरी डोळ्यांची भगवी झाक राहिलीच, नेमकी शेगडीच्या बाजूला. तेव्हापासून त्या घरात दूध उतू गेलेलं नाही. देवाची नजर असल्यावर दूध काय हिंमत करील?

आखाजीला घागर भरली, पूनम आली, पुरण शिजलं. वच्छलाबाई ओट्यापाशी उभी राहिली. आधी तिनं दगडावर नुसता तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. गुडघे गप्प होते. आज आवाज कसा नाही हे पाहायला शेजारचं कुत्रं दाराशी आलं आणि बुचकळ्यात पडलं.

कडूबा दारात उभा होता. इतकी वर्षं ती सैपाक करताना त्यानं तिची वाकलेली पाठच पाहिली होती. आज तोंड दिसत होतं, नाकाच्या शेंड्याला लागलेल्या कणकेसकट.

"काऊन पाहून राह्यले?"

"काई नाई. तू दिसून राह्यली," कडूबा म्हणाला. "बरं झालं देवानं ऐकलं."

"देवानं अन् तुमच्या अंगठ्यानं," ती हसली. मग लाटणं त्याच्या हातात देत म्हणाली, "मांडी घालून बसता येत नाई म्हनून कधी चुलीपाशी आले नाई ना तुमी? आता तं उभ्यानंच हाय. लाटा."

पूनम फिसकन हसली. कडूबानं ओट्यावरच्या त्या दोन भगव्या डोळ्यांकडे पाहिलं, सुटका नाही हे ओळखलं आणि बाह्या सरसावल्या. त्याची पहिली पोळी एका अंगानं रोहिणखेडकडे पळाली आणि दुसऱ्या अंगानं मेहकरकडे. वच्छलाबाईनं ती तशीच भाजली, तुपाची धार सोडली आणि कबूल केल्याप्रमाणे पहिला घास दगडापुढं ठेवला.

दुसरा तिनं कडूबाला भरवला. उभ्या उभ्या.