कारंजावरच्या घिरट्या

आमच्याकडं माणूस बाहेरगावी असला की मयताची खबर त्याला सरळ देत नाहीत. 'तब्येत जास्त हाय, निघा' एवढंच म्हणतात. रस्त्यात त्याला काही होऊ नये म्हणून. मी मुंबईत लेकीच्या खोलीवर होतो तेव्हा पुतण्या फुरकानचा फोन आला, "चांदचाचा, अब्बाची तब्येत जास्त हाय." काय समजायचं ते मी समजलो. भाईजान गेले. माती आमच्या गावी, कारंजात, असरच्या म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर.

लेक इफ्रा विमानात को-पायलट आहे. ती पहाटेच ड्युटीवर गेली होती आणि दुपारी तिचंच विमान नागपूरला निघणार होतं. त्यातच मला तिकीट मिळालं. नागपूरला उतरून गाडी केली की मातीला सहज पोचणार होतो.

तिला मात्र काही सांगितलं नाही, आणि फुरकानलाही सांगू दिलं नाही. भाईजाननं, तिच्या बडे अब्बानं, तिला खांद्यावर खेळवलेलं. ऐकून विमान चालवताना तिचा हात थरथरला तर? विमानाच्या दारात मला बघून ती हरखलीच. "अब्बा! तुमी कसे?" नागपुरात गाद्यांची मोठी ऑर्डर आली, अशी थाप मारली. जन्मभर गाद्या भरल्या, त्यामुळं तिला खरं वाटलं.

तासाभरानं विमान गोल फिरायला लागलं. नागपूरवर वादळ आहे, थोडं थांबावं लागेल, असं आतून सांगितलं. खिडकीतून बघतो तर लख्ख ऊन! खाली अडाण धरणाचं पाणी चमकत होतं, समृद्धी महामार्गाचा सरळ पट्टा दिसत होता. म्हणजे आम्ही कारंजाच्याच वर होतो. खाली भाईजानला आंघोळ घालत असतील आणि मी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालतोय, हे काय चाललंय ते मला उमगेना.

प्रवाशांकडं बघणारी पोरगी होती, प्रियदर्शनी नावाची. तिला विचारलं, "बाई, वादळ कुठी हाय? मले तं एक ढग नाई दिसून राह्यला."

"नागपूरला आहे काका. तिथल्या विमानतळाच्या कंट्रोलनं पायलटला कळवलंय."

"तेयनं कळवलं अन् यायनं आयकलं? डोये नाईत का यायले?"

ती हसली. तिसऱ्या फेरीला माझा धीर सुटला. "बाई, तुमची को-पायलट माही पोरगी हाय. तिले एवढंच सांगा, बडे अब्बा वारले. तिले समजलं की ते उतरवतेच विमान."

पोरीचा चेहरा उतरला. "आत्ता आत असं काही सांगता येत नाही काका," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेली.

बाजूला मंगरूळपीरचा अमरसिंग नावाचा व्यापारी बसला होता. "भेकड हाय पायलट," तो म्हणाला. "आपला एसटीचा डायवर पुरातून गाडी काढते." मी जोरात मान हलवली. तेवढ्यात विमान वळलं, धरणाचं पाणी मागं पडलं. वादळ थांबत नाही म्हणून आम्हाला हैदराबादला नेत होते.

विमान तिथं टेकल्यावर लोकांनी आरडाओरडा केला. आम्हाला विमानातच बसवून ठेवलं. फोन लावला तर फुरकान घाईत होता. "चाचा, इकडं आभाय भरून आलं. पानी याच्या आत माती देऊन टाकू म्हंतात. जनाजा निंगाला."

"अरे, ऊन होतं न तिथं! म्या सोता पाह्यलं!"

"होतं चाचा. आता नाई. तुमच्या वाटच्या तीन मुठी मी टाकतो."

बरं, म्हणालो. बरं कसलं डोंबलाचं! सख्ख्या भावाला तीन मुठी माती देता आली नाही.

इफ्रा कॉकपिटमधून बाहेर आली. घामानं भिजली होती, पण खुश होती. "घाबरले तं नाई न, अब्बा? नागपूरले गारा पडून राह्यल्या. वारा एकदम पलटला. आमच्या पुढचं विमान टेकता टेकता वर गेलं. कंट्रोलनं सारं सांगतलं. कॅप्टननं पयले मले इचारलं, काय करावं. म्या म्हनलं, उतरू नोका."

"तू म्हनली?"

अमरसिंग खिडकीकडं बघायला लागला. मला राग येत होता, अभिमान वाटत होता आणि रडूही येत होतं. तिच्या मुस्कटात मारावी की तिला पोटाशी धरावं, कळेना. तोंडातून निघालं ते भलतंच. "बडे अब्बाची तब्येत जास्त हाय."

ती आमच्याच मोहल्ल्यात वाढलेली. लगेच समजली.

"कवा?"

"सकायी."

"अन् तुमाले मालूम होतं?" ती सीटच्या पाठीला धरून उभी राहिली. "खबर पक्की नसली तरी कंट्रोलवाले सांगतात, अब्बा. अंदाज हाय म्हनून सांगतात. तुमी काहून नाई सांगतलं?"

"तुह्या हातात विमान होतं, बेटा. आयकून कसं चालवलं असतं तुनं?"

"चालवलंच नसतं. घरात असं काई झालं तं आमाले पायलटच्या जागी बसू नाई देत. दुसरा पायलट आला असता." तिनं बाहीनं डोळे पुसले. "मी तुमच्या बाजूले बसून आली असती."

दुसरा पायलट असता तर त्यानं विमान उतरवलं असतं का, की तोही नको म्हणाला असता, याचाच मी हिशोब करत बसलो. अमरसिंग उठला आणि त्यानं तिला जागा करून दिली.