ताटातले डोळे

मित्रांनो, मी एक जुने तैलचित्र आहे, माणिकपूरच्या एका शाळेत जिन्यापाशी टांगलेले. माझ्यात एक तरुण बाई उभी आहे. तिच्या चेहऱ्यावर डोळे आहेत आणि हातातल्या ताटातही दोन डोळे आहेत. या ताटानेच माझ्या जिवाला घोर लावला.

आल्बर्ट नावाच्या चित्रकाराने मला रंगवले. आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन सुखरूप पार पडले, म्हणून त्याने डोळ्यांसाठी जिला साकडे घालतात त्या संत लुसीचे हे चित्र काढून शाळेला दिले. नमुन्याला समोर ठेवलेले ताट मात्र घरातलेच; जेवायची वेळ झाली की त्याची बायको इझाबेल ते उचलून न्यायची! सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. परीक्षेला जाणारी पोरे मला हात जोडून जात. मग एका नाताळच्या साफसफाईत कोणीतरी मला ओल्या फडक्याने खसाखसा पुसले आणि लुसीच्या गालाचा रंग उडाला. तेव्हापासून मी जरा भेसूरच दिसते.

यंदा पहिलीतली मुले मला पाहून रडू लागली. पालकांची तक्रार आली. मुख्याध्यापिका मार्गारेट मॅडम म्हणाल्या, "उतरवा ते. उगाच वाद कशाला?"

अडगळीची खोली मी ओळखून आहे. तिथे वाळवी आहे. चित्रकलेच्या सुहासिनीबाईंनी कसाबसा एक तास मागून घेतला, पण शिडी भिंतीला लागलेलीच होती.

बाईंनी सातवीच्या वर्गाला माझ्यापुढे बसवले. "आधी नुसतं बघा. मग बोला."

नालासोपाऱ्याहून येणारी ऋतिका म्हणाली, "बाई, ही देवीला चांदीचे डोळे वाहायला चाललीय. गावाला माझ्या आजीने वाहिले होते, नवसाचे."

वर्ग हसला. जॅक्सन उसळला, "काहीपण! ही आमची संत लुसी आहे. हिचे डोळे काढले होते, देवाने परत दिले."

झाले! आता दोघांचे आईबाप शाळेत येणार, या धास्तीने मी गारठून गेले.

बाई मात्र शांत होत्या. "ऋतिका, यातलं तुला दिसलं काय आणि आठवलं काय?"

तिने पुन्हा ताटाकडे पाहिले. "डोळे दिसले. नवस आठवला."

"मग आता जॅक्सनला विचार. चित्र त्यांच्याकडचं आहे."

ऋतिका वळली. "तुम्ही हिच्याकडे काय मागता?"

"डोळे बरे होऊ देत, असं." जॅक्सनचा आवाज खाली आला. "मम्मीने चर्चमध्ये मेणाचे डोळे वाहिले होते."

"म्हणजे तुम्हीपण वाहता की!"

जिन्यावरून मार्गारेट मॅडम ऐकत होत्या. "ते ठीक आहे. पण पहिलीच्या मुलांना कोण समजावणार?"

"मी थांबते ना मधल्या सुट्टीत," ऋतिका म्हणाली.

"मीपण," जॅक्सन म्हणाला. "ही एकटी असली तर नवसाचंच सांगेल."

मॅडमना हसू आवरले नाही. त्यांनी शिडी परत न्यायला सांगितली.

पण मित्रांनो, माझी काळजी पुरती मिटलेली नाही. ही दोघे मोठी होतील, शाळा सोडतील. तक्रारी मात्र येतच राहतील. म्हणून तुम्हाला विनवते. आम्हा चित्रांना ओले फडके लावू नका, कोरड्या मऊ कापडाने पुसा. आणि परक्या देवाधर्माचे चित्र पाहून भीती वाटली, तर तोंड फिरवण्याआधी ते ज्यांचे आहे त्यांना विचारा. आम्हाला शिडीवरून खाली नेताना 'थांबा' असे ओरडता येत नाही.