डाव्या खांद्यावरून

रोहेलिओने डावीकडचा दिवा लावला, वेग कमी केला आणि गाडी अलगद वळवली. शेजारी बसलेल्या परीक्षक कुरामोची साहेबांनी मान खाली घालून कागदावर खूण केली. केली का पुन्हा! रोहेलिओने दात आवळले.

गाडी थांबल्यावर साहेब म्हणाले, "आज नाही जमलं. वळताना डाव्या खांद्यावरून मागे बघितलं नाहीत."

"आरशात बघितलं की, साहेब."

"आरसा पुरत नाही. पुन्हा या."

परवान्याच्या परीक्षेची ही तिसरी खेप. फिलिपिन्समध्ये, इलोइलोत, निम्मं आयुष्य जीपनी, म्हणजे उतारूंची लांबलचक जीप, चालवलेला हा माणूस. तिकडे मान वळवायची वेळच यायची नाही. मागे लटकलेला कंडक्टर पत्र्यावर थाप मारायचा, की निघायचं. आणि इथे जपानात, रिकाम्या मैदानात, मान वळवायचं नाटक! यात पाणी मुरत होतं. परक्या माणसाला पास करायचंच नाही, हे यांचं आधीच ठरलेलं असणार.

त्याने बायकोला फोन लावला.

"पुन्हा नापास?" लुनिंगने आवाजावरूनच ओळखलं.

"मुद्दाम करतोय तो. थोबाड बघून."

"मोरिता शेठ सोमवारपर्यंतच थांबणारेत. मग डिलिव्हरीची गाडी दुसऱ्याला, आणि तू परत मासळीच्या बर्फात. शर्टाची बटणं लावता येत नाहीत तुला, बोटं बघ जरा."

"मग काय करू?"

"मान वळव. झिजते का?"

"थांब, आज त्याचंच पितळ उघडं पाडतो. स्वतः कसा चालवतो ते बघतो."

कचेरी सुटेपर्यंत तो सायकल घेऊन फाटकापाशी उभा राहिला. साहेबांची छोटी पांढरी गाडी बाहेर पडली, तसा तो मागे लागला. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली. रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. हिरवा लागला, गाडीचा डावा दिवा लुकलुकू लागला. आता सापडतोस बेट्या, म्हणत रोहेलिओने जोरात पायडल मारलं आणि गाडीच्या डाव्या अंगाला, मागच्या दाराशी आला.

काचेआड साहेबांची मान वळली. डाव्या खांद्यावरून, पूर्ण. गाडी जागीच थांबली. साहेबांनी त्याला ओळखलं नाही. कोणाही सायकलवाल्याला करावा तसा, पुढे जा, असा हात केला.

रोहेलिओ पुढे गेला खरा, पण लगेच उतरून सायकल हातात धरून चालू लागला. 

घरी लुनिंग भात वाढत होती.

"पडलं का पितळ उघडं?"

त्याने खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली, तिच्या वेणीफणीचा आरसा समोर टेकवला आणि बसला.

"तू मागे उभी राहा. डावीकडे."

"जेवायचं सोडून हे काय?"

"राहा ना जरा."

ती भाताचा डाव हातात घेऊन उभी राहिली. त्याने आरशात बघितलं. कपाट दिसलं, खिडकी दिसली. लुनिंग दिसली नाही.

"अजून थोडी जवळ ये," तो म्हणाला, आणि त्याने मान वळवली.