आण्णांनी थांबवलेला सिनेमा

तिकिटं काढताना मला धीरच निघत नव्हता. अहो, सतरा वर्षांनी तोच सिनेमा! आणि तोही आमच्या हडपसरच्या मल्टिप्लेक्समध्ये, रविवारी सकाळी, एसीत बसून! ऑफिसात शेजारी बसणारी नम्रता म्हणाली, "कार्टून बघायला संडे कोण वाया घालवतं गं?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं, तू कॅम्पात, शहरात वाढलेली."

कार्टून म्हणे! त्या कार्टूनवर माझी आख्खी नोकरी उभी आहे.

भानगड अशी होती. कंपनीनं मला दोन वर्षांसाठी लंडनला पाठवायचं ठरवलं होतं आणि सोमवारी माझं उत्तर हवं होतं. आणि त्याच रविवारी संध्याकाळी तात्याराव, म्हणजे मला सांगून आलेल्या मुलाचे चुलते, आमच्या घरी सुपारी फोडायला येणार होते. सुपारी फुटली की लग्न पक्कं. मुलगी परदेशी गेलेली चालणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. आई लाडू वळत बसली होती. आण्णा म्हणजे माझे वडील, सोनबा. ते नुसतं "पोरगा चांगला हाय" एवढंच म्हणत होते. मला तर लंडनला जायचं होतं. मग पेपरात त्या सिनेमाची जाहिरात दिसली आणि मी टाळीच वाजवली. म्हटलं, आण्णांना त्यांचाच सिनेमा दाखवायचा. शेवट बघून विरघळतील.

त्यांचाच का, ते सांगते. मी दहा वर्षांची असताना आमच्या मांजरी गावात गणपतीत मंडळानं तो भाड्यानं आणला होता. रस्त्यात आडवा पांढरा पडदा बांधायचे. पुढं बापये, मागं आम्ही बायका-पोरी. सिनेमा इंग्रजी. अर्ध्या गावाला इंग्रजी येत नव्हतं, आणि उरलेल्या अर्ध्यालाही. म्हणून आण्णा माईक घेऊन प्रोजेक्टरशेजारी उभे राहून गोष्ट सांगायचे. बुरुजात कोंडलेली राजकन्या दार उखडून त्याची होडी करते, सोबत एक किरकिऱ्या कासव. ते कासव आण्णांच्या तोंडून "काय गं बाय, बुडवतीस का काय!" असं ओरडायचं आणि आम्ही लोळायचो. शेवटी राजपुत्र किनाऱ्यावर गुडघे टेकतो. राजकन्येचा एक पाय होडीत. तिथंच खट्! मशीन बंद. आण्णा माईकवर म्हणाले, "रीळ खराब झालंय, पुढचं म्या सांगतो. राजकन्या म्हनाली, लग्नाचं परत आल्यावर बघू. आन् होडी निघाली दर्यात!"

मी त्या होडीत बसूनच बारावी काढली, इंजिनिअर झाले. घाबरले की म्हणायचे, परत आल्यावर बघू.

तर अंधार झाला, सिनेमा सुरू झाला आणि मी किंचाळलेच, "अगंबाई, उलटा लावलाय!"

बुरूज डावीकडं हवा, तो उजवीकडं! होडी भलतीकडंच चाललेली! पुढच्या बाई मागं वळून म्हणाल्या, "बाहेर तक्रारपेटी आहे, तिला सांगा. आम्ही तिकीट काढलंय." आण्णांना हसू आवरेना. "येडे, तू पडद्याच्या मागं बसायचीस. तुलाच उलटा दिसायचा."

सतरा वर्षं मी उजवं-डावं करून बसले होते! मलाही हसू फुटलं. आणि रंग काय हो ते! त्या चादरीवर समुद्र राखाडी दिसायचा, इथं मोरपिशी. कासव अगदी साहेबासारखं बोलत होतं, त्यात काही राम नव्हता. आण्णांचं कासव भारी. मी सारखी त्यांना कोपर मारत होते, आता बघा, आता बघा!

राजपुत्र किनाऱ्यावर आला तसे आण्णा उठले. "चल शके, निघू. ऊन वाढंल, रिक्षा मिळायची न्हाय."

"आण्णा! शेवट तर आलाय!"

"काय करायचाय शेवट? ठाव हाय की तुला."

मी सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. पडद्यावर राजकन्येनं होडीतला पाय बाहेर काढला. लग्न झालं. ढोल, ताशे, कबुतरं. आणि त्या होडीत, ऐका, त्या होडीत त्यांनी गुलाबाची झाडं लावली! कुंडी केली हो होडीची!

दिवे लागले. माझं डोकं तापलं होतं. माझाच डाव माझ्या अंगाशी आला होता.

"आण्णा, रीळ खराब नव्हतं."

"नव्हतं. आदल्या दिशी लावून बघितलं व्हतं म्या."

"मग खोटं का सांगितलं?"

आण्णा रिकाम्या पडद्याकडं बघत राहिले. "त्या म्हयन्यात गावात तीन सुपाऱ्या फुटल्या व्हत्या. तुझ्याहून चार-पाच वर्सांनी मोठ्या पोरी. त्या पन तिथंच बसल्या व्हत्या, तुझ्या मागं. म्हनलं, लगीन लागल्याबिगर संपल्याली एक तरी गोष्ट ऐकू द्या पोरींना."

मला रडू यायला लागलं आणि रागही. "आणि आज? आज आपल्या घरात सुपारी कोण फोडतंय?"

झाडूवाला आमच्या रांगेपर्यंत आला, पाय वर घ्या म्हणाला. आण्णांनी खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला. "तात्यारावाचा नंबर लाव. चष्मा इसरलोय."

मी लावला. त्यांनी राम राम केला आणि एका दमात बोलून टाकलं, "तात्याराव, आज येऊ नगा. पोरगी दोन वर्सं लंडनला चाललीय. थांबायचं आसंल तर थांबा, न्हाय तर दुसरं स्थळ बघा, आमचा राग न्हाय." पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. आण्णांनी फोन कानापासून लांब धरला, मग बंद करून माझ्याकडं दिला.

"आता तुझ्या सायबाला लाव," ते म्हणाले. "हितंच. घरी गेल्यावर तुझी आई बोलाय लागली की माझा काय भरवसा न्हाय."

रविवार होता. तरी लावला.