गल्लीच्या किल्ल्या

पासपोर्टच्या चौकशीला जमादार आले ते नेमके अमावास्येला. मी शेजारच्या घरातला केर काढत होते.

"ऋतुजा रामेश्वर तुमीच का? शेजारची दोन माणसं बोलवा," ते म्हणाले. "तुमाला वळखणारी. सह्या लागतेत."

मला हसू आलं. दिवाळी झाली की आमची गल्ली ऊसतोडीला जाते ती गुढीपाडव्यालाच परत येते. शिरूर कासारकडच्या बहुतेक वाड्यावस्त्यांची हीच तऱ्हा. आई, आप्पा, काका-काकू, समोरचे, मागचे, कडेवरची पोरं, सगळे ट्रकमध्ये. जाताना प्रत्येक घर आपली किल्ली मागे राहणाऱ्याच्या हातात देतं. किल्ली देणारी म्हणते, "येते." घेणाऱ्यानं म्हणायचं, "ये." तेवढं कानावर पडल्याशिवाय कुणी ट्रकवर चढत नाही. आधी किल्ल्या गल्लीतच मागे राहणाऱ्या वत्सलाबाईंकडे असायच्या. गेल्या वर्षी त्या वारल्या आणि मी बी.एस्सी. होऊन घरी बसलेली, म्हणून सगळा जुडगा माझ्या घरच्या खिळ्यावर आला. अमावास्येला बंद घरं उघडायची, झाडायची, देवापुढे दिवा लावायचा आणि परत कुलूप घालायचं.

"माणसं न्हाईत साहेब," मी म्हणाले. "किल्ल्या हायत. चालतील का?"

जमादारांना गंमत कळली नाही. ते कागद चाळत म्हणाले, "ताई, तुमच्या नावावर केस हाय."

"व्हती. रास्ता रोकोची. कबूल केली, दंड भरला, मिटली."

"मिटली म्हंजी शिक्षा लागली की ओ. पासपोर्टला काय अडत न्हाई, शेरा मारून पाठवतो. पर व्हिसावाले इचारतेत बरं का."

तोवर मी त्या केसचा विचारच केला नव्हता. जर्मनीतल्या एका विद्यापीठात मातीचा अभ्यास करायला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्ती मिळाली होती, एप्रिलमध्ये वर्ग सुरू होणार होते. रात्रीच्या रात्री मी व्हिसाचा अर्ज उघडून पाहिला. त्यात प्रश्न होताच. तुम्हाला कोणत्याही देशात, कोणत्याही गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे का? हो किंवा नाही.

त्या गुन्ह्याची गोष्ट सांगायची तर आमच्या फाट्यावर येणारी कॉलेजची बस बंद झाली होती. प्रवासी नाहीत म्हणे. प्रवासी होते, पण पोरी होत्या, आणि पोरी मोजणीत धरायची पद्धत नव्हती. पोरं कुणाच्याही मोटरसायकलवर लटकून जात. पोरींचं शिक्षण बसबरोबरच थांबलं. मी मावशीकडे राहून कशीबशी बारावी काढली. वैष्णवी माझ्या बाकावरची, गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. तिचं लग्न लावून दिलं. आता ती नवऱ्याबरोबर ऊस तोडते.

बस बंद होऊन दोन वर्षं झाल्यावर गाव रस्त्यावर बसलं. पुढे मोहनराव. जमीन त्यांची, पुढारपण त्यांचं, माईकही त्यांचाच. मी नुकतीच अठरा पूर्ण केलेली, पहिल्या रांगेत बसले आणि घसा बसेपर्यंत ओरडले. पोलिसांनी नावं लिहून घेतली तेव्हा आम्ही ती फुशारकीनं सांगितली. "आंदोलनाचे गुन्हे सरकार मागं घेतंय, भिऊ नका," मोहनराव म्हणाले. बस महिन्याभरात सुरू झाली.

तारीख लागली ती दिवाळीच्या तोंडावर. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात. केस लढवायची म्हणजे तारखांना यायचं, आणि कर्नाटकातल्या फडातून तारखेला कोण येणार? सगळ्या गल्लीनं ठरवलं, कबूल करून मोकळं व्हायचं. टोळी नेणाऱ्या मुकादमानं तर ट्रकच कोर्टाच्या बाहेर आणून लावला होता. मी एकटी अडून बसले होते. आप्पा म्हणाले, "कर की बाई कबूल. तू अडलीस तर समद्यांचं अडंल." न्यायाधीश साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? आम्ही एका सुरात म्हणालो, कबूल. शाळेत हजेरी देतात तसं. दंड भरून बायका कोर्टातूनच थेट ट्रकवर चढल्या.

चौकशीच्या सह्या फाट्यावरच्या दुकानदार सोमनाथनं आणि मोहनरावांनी केल्या. मोहनरावांच्या ओसरीवर मला चहा मिळाला.

"किरकोळ केस गं ती," ते म्हणाले. "माझ्यावर तर लई व्हत्या. समद्या मागं घेतल्या सरकारनं."

"आमची न्हाई घेतली काका."

"तुमी कबूल केली की! कबूल केलेली कशी मागं घेणार? काहून घाई केली तुमी?"

घाई. हा शब्द माझ्या डोक्यात असा गेला की चहा तसाच ठेवून उठावंसं वाटलं. ह्यांना वकील होता, गाडी होती, पाडव्यापर्यंत गावात बसायला ओसरी होती. आमच्यासाठी बाहेर ट्रक घरघरत होता. पण सही हवी होती, म्हणून मी चहा संपवला. निघताना त्यांनी मायेनं सल्ला दिला, "न्हाई लिहून टाक. तिकडं कोण बघतंय?"

आप्पांचाही रात्री फोन आला तेव्हा तेच. मागे कुणीतरी खोकत होतं, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"माझ्यामुळं झालं हे," आप्पा म्हणाले. "मीच म्हणलो व्हतो कबूल कर. आता लिही न्हाई म्हणून. पाप लागलं तर मला लागू दे."

"तुमी झोपा आप्पा," मी तोडून टाकलं आणि फोन ठेवला. मग त्या फोनकडे बघत बसले. दिवसभर उसाच्या मोळ्या उचलून आलेल्या माणसाशी मी असं बोलले होते. आणि रागावायला तरी गावात दुसरं होतं कोण?

पुढचे कित्येक दिवस मी अर्ज उघडायची आणि मिटायची. विचारायला कुणी नव्हतं. एकटीचा स्वयंपाक करायचाही कंटाळा यायचा, सकाळचं पिठलं रात्री खायची. संध्याकाळी गल्लीतून चालताना कुलपं ओढून बघायची आणि प्रत्येक दारापाशी त्या घराशी थोडं बोलायची. काकूच्या दाराला सगळं सांगून टाकलं. नाही लिहावं का गं? खरंच कोण बघणार होतं? पण नाही लिहिलं म्हणजे मी त्या दिवशी रस्त्यावर नव्हतेच असं झालं असतं. माझी पदवी त्या बसमध्ये बसून झाली होती. गल्लीनं जन्मात एक गोष्ट भांडून मिळवली, तीच मी पुसून टाकायची?

मी 'हो' वर खूण केली आणि अर्ज पाठवून दिला.

फेब्रुवारीत मुंबईला मुलाखत झाली. काचेपलीकडे एक बाई होत्या, केस आखूड, आवाज थंड. माझं इंग्रजी पाठ केलेलं. शिक्षा कशाबद्दल, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, रस्त्यावर बसले, बससाठी. त्यांनी कोर्टाचा कागद उलटून पाहिला आणि विचारलं, त्याचा पश्चात्ताप होतो का?

ह्याचं उत्तर पाठ होतं. हो म्हणायचं, मान खाली घालायची. पण मला एकदम वैष्णवीचा बाक दिसला.

"होतो," मी म्हणाले. "आम्ही दोन वर्षं उशिरा बसलो, ह्याचा होतो. आधी बसलो असतो तर माझ्याऐवजी कदाचित माझी मैत्रीण इथं उभी असती. ती माझ्यापेक्षा हुशार होती."

बाईंनी मान वर केली नाही. काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. परतीच्या रस्त्यावर मी स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या. शहाणपणा करायची काय गरज होती? एक 'हो' म्हणून गप्प बसता आलं नाही?

मार्चच्या सुरुवातीला पासपोर्ट परत आला. फाट्यावरच पाकीट फोडलं. आत व्हिसा चिकटवलेला होता.

मी गल्लीत पळत आले आणि मधोमध उभी राहून ओरडले, "मिळाला!" समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बाकी सगळी कुलपं. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता आणि इतकं एकटंही कधी वाटलं नव्हतं. मी उंबऱ्यावर बसून रडले.

रात्री आप्पांनी बातमी ऐकली आणि टोळीला ओरडून सांगितली. बायकांचा गलका झाला. मग आईनं फोन घेतला.

"कधी निघायचं?"

मी तारीख सांगितली.

"तवर पट्टा पडत न्हाई गं कारखान्याचा, हंगाम सरत न्हाई," ती म्हणाली. "मुकादम सोडायचा न्हाई. आठ दिस उशिरा न्हाई का जाता येत?"

"न्हाई आई. वर्ग सुरू व्हतेत."

"मग किल्ल्या?"

रडू नये म्हणून ती किल्ल्यांचं विचारत होती, हे मला कळत होतं. सोमनाथकडे देते, म्हणाले.

आदल्या दिवशी सगळी घरं उघडून झाडली, दिवे लावले. जुडगा घेऊन सोमनाथकडे गेले. तो फोनवर बोलत होता. त्यानं हातानंच खूण केली, ठेव तिथं. मी वजनकाट्याशेजारी ठेवला. बाकीचं काही बोलायला जागाच नव्हती.

सकाळी आमच्या घराला कुलूप लावलं. ही एक किल्ली जाता जाता सोमनाथकडे द्यायची होती. बॅग उचलली आणि सवयीनं तोंडातून निघालं, "येते."

गल्लीत कुणी नव्हतं. दिवाळीत त्या सगळ्यांना मीच "ये" म्हटलं होतं, तेही घाईघाईत, शिष्यवृत्तीचा अर्ज अडतोय म्हणून वैतागून. फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. माझा पाय उचलेना. ते ऐकल्याशिवाय आमच्याकडे कुणी जात नाही.

शेवटी बॅग खाली ठेवली, दाराकडे तोंड केलं आणि आईचा आवाज जमेल तसा काढून मीच म्हणाले, "ये."